"एकटा ये, बघू" असा मेसेज आला तर काय करायचं, आणि ठरवून केलेल्या मारामारीला कायदा काय म्हणतो

मी ठाणे कोर्टात क्रिमिनल साईडला प्रॅक्टिस करते आणि माझ्याकडे येणाऱ्या पोरांचा, त्यांच्या आईवडिलांचा एक प्रश्न ठरलेला असतो, की मॅडम दोघांनी मिळून ठरवलं होतं, वन ऑन वन होतं, कोणी कोणाला फसवून नेलं नव्हतं, मग केस कशी काय होते? ही पोरं खोटं बोलत नसतात. त्यांना मनापासून वाटतं की मागून वार केला नाही, दहा जण घेऊन गेलो नाही, वेळ सांगून गेलो, म्हणजे आपण सरळ वागलो. वागळे इस्टेट घ्या, घोडबंदरचे टॉवर घ्या नाहीतर वाशी-नेरुळ, भांडणं पार्किंगची, टर्फवरच्या मॅचची, इन्स्टावरच्या कमेंटची, आणि शेवटी मेसेज सगळीकडे सारखाच, मर्द असशील तर एकटा ये. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतेय.

थोडक्यात उत्तर असं की आपल्याकडे द्वंद्वयुद्धासाठी वेगळं कलम नाही. १ जुलै २०२४ पासून आयपीसी, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता, जाऊन भारतीय न्याय संहिता आली (त्याआधी घडलेल्या प्रकरणांना अजून आयपीसीच लागते), आणि दोन्हीत तसं कलम नाही. (पुढे मी नुसतं "कलम" म्हटलं की न्याय संहितेचं समजा.) पण वेगळं कलम नाही म्हणजे परवानगी आहे असं अजिबात नाही. दुखापतीची, धमकीची, सार्वजनिक ठिकाणी मारामारीची, सदोष मनुष्यवधाची (जीव घेतला पण कायद्याने खून धरला नाही असा गुन्हा), खुनाची जी नेहमीची कलमं आहेत तीच सगळी इथे लागतात, आणि दोन्ही बाजूंना लागतात. वर अजून एक गोष्ट आहे जी पोरांना कोणी सांगत नाही, ती म्हणजे वेळ आणि जागा ठरवल्यामुळे तुमची बाजू मजबूत होत नाही, उलट अचानक झालेल्या भांडणात जे एक-दोन बचाव मिळाले असते तेही हातातून जातात.

मेसेज आला की पहिले काय

वेळ आणि जागा लिहून पाठवू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. "ये मग", "कुठे ते सांग", "उपवनला ये रात्री", यातलं काहीच नको, आणि अंगठा तर मुळीच पाठवू नका. एका प्रकरणात चार्जशीटला जोडलेली चॅटची प्रिंट मी बघितलीय, वरती समोरच्याचं "उद्या ९ वाजता तलावपाळी, एकटा ये" आणि खाली आमच्या पोराने टाकलेला फक्त एक अंगठा, बाकी एक अक्षर नाही. भांडण काय होतं तर बिल्डिंगखाली बाईक लावण्यावरून. सरकारी वकिलांनी त्या अंगठ्यावर बोट ठेवून सांगितलं की हा तयारीनिशी गेला, आणि त्यावर बोलायला आमच्याकडे फार काही नव्हतं.

काही तरी उत्तर द्यायचंच असेल, म्हणजे न दिल्याने जीव गुदमरत असेल (आणि तो गुदमरतो, मला कळतं, ग्रुपमध्ये पन्नास जण वाचत असतात) तर असं लिहा: "मी भेटायला येणार नाही. पार्किंगचा विषय रविवारच्या मीटिंगमध्ये बोलू. परत असा मेसेज आला तर पोलीस स्टेशनला अर्ज देईन." एवढंच, शिवी नको, त्याच्या घरच्यांचा उल्लेख नको. शांतता भंग व्हावी म्हणून मुद्दाम अपमान करून डिवचणं हाही कलम ३५२ खाली गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे त्याने डिवचलं म्हणून तुम्ही तेच केलंत तर दोघंही एकाच ओळीत.

नंतर पुरावा सांभाळा. स्क्रीनशॉट घ्या ज्यात नंबर, तारीख, वेळ दिसेल, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा आणि मूळ मेसेज फोनमधून डिलीट करू नका, रागाने ग्रुप सोडून चॅट साफ करून टाकतात लोक आणि मग हातात काही उरत नाही. मोबाईलवरचा पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, ते वकील करून घेतील, पण मूळ फोन आणि मूळ मेसेज तुमच्याकडे हवा.

धमकी जीवाची किंवा हातपाय तोडायची असेल तर तो साधा मेसेज राहत नाही, कलम ३५१ मध्ये अशा धमकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमच्या हद्दीतल्या पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या कॉपीवर शिक्का मारून पोच घ्या. तिथे तुम्हाला एनसी करतो असं सांगतील, म्हणजे अदखलपात्र नोंद, ज्यात मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत. लोक एनसीला काही अर्थ नाही म्हणून निघून येतात, असं करू नका, एनसीसुद्धा घ्या. पुढे त्याने खरंच काही केलं तर आधी कोणी तक्रार केली होती हे त्या एका कागदावर दिसतं. समोरचा दारात येऊन उभा राहिला असेल तर अर्ज लिहीत बसायचं नाही, ११२ ला फोन.

सारखंच चालू असेल तर पोलिसांना चॅप्टर केस करायला सांगता येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १२६ खाली कार्यकारी दंडाधिकारी शांतता राखण्याचा बाँड लिहून घेऊ शकतात, जास्तीत जास्त एका वर्षासाठी. ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे आयुक्तालय आहे त्यामुळे इथे हे काम पोलीस अधिकाऱ्यांकडेच चालतं. पण लक्षात घ्या, दोघांचे मेसेज सारखेच तापलेले असतील तर बाँड दोघांकडून घेतला जातो.

"पण त्याचीही संमती होती ना"

हो, संमतीला कायद्यात जागा आहे, पण ती कुठपर्यंत हे बघा. न्याय संहितेचं कलम २५ (आयपीसीचं जुनं ८७) सांगतं की समोरचा अठरा वर्षांच्या वरचा असेल, त्याने संमती दिली असेल, आणि जे केलं त्यात मृत्यू किंवा गंभीर दुखापत करायचा हेतू नसेल आणि तसं होण्याची शक्यता आहे हेही माहीत नसेल, तर झालेल्या इजेबद्दल गुन्हा होत नाही. त्या कलमाखाली उदाहरण दिलंय ते तलवारबाजीचंच आहे: अ आणि य यांनी मजा म्हणून एकमेकांशी तलवारबाजी करायचं ठरवलं, नियमात राहून खेळताना अ च्या हातून य ला लागलं, तर गुन्हा नाही. १८६० च्या आयपीसीत हेच उदाहरण होतं.

आता यातली अट नीट वाचा. मजा म्हणून, नियमात राहून, आणि गंभीर दुखापतीची शक्यताच नाही असं. रात्री येऊरच्या रस्त्याला भेटून एकमेकांची जिरवायची यात तिन्ही बसत नाहीत. आणि गंभीर दुखापत म्हणजे हात तुटून लोंबकळला पाहिजे असं लोकांना वाटतं, तसं नाही, कलम ११६ प्रमाणे हाड मोडलं, दात पडला किंवा हलला तरी गंभीर, चेहरा कायमचा विद्रूप झाला तरी गंभीर, पंधरा दिवस असह्य वेदना राहिल्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत तरी गंभीर (आयपीसीत हे वीस दिवस होते). एक बुक्की नाकावर बसली आणि हाड मोडलं की विषय कलम ११७ मध्ये गेला, सात वर्षांपर्यंत. साध्या दुखापतीला ११५, एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कोणालाच काही लागलं नाही तरी सार्वजनिक ठिकाणी मारामारी करून शांतता भंग केली म्हणून १९४ आहेच, त्यात फिर्यादी वेगळा आणि आरोपी वेगळा असा प्रकारच नाही, भांडणारे दोघेही आरोपी. शिक्षा लहान आहे, एक महिन्यापर्यंत किंवा हजारापर्यंत दंड, पण नोंद ही नोंदच असते.

काही जण मला लिहून आणलेला कागद दाखवतात, "मला काही झालं तर मी स्वतः जबाबदार", खाली दोघांच्या सह्या, एकाने तर स्टॅम्प पेपरवर आणला होता. बेकायदा कामासाठीचा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे रद्दबातल असतो, तो तुम्हाला वाचवत नाही. पण तुम्ही आधी ठरवलं होतं हे मात्र तोच कागद स्वतःच्या अक्षरात सिद्ध करून देतो. तसा कागद करू नका. दारू पिऊन दिलेली संमती, घाबरवून घेतलेली संमती तर कायद्याला संमती म्हणून मान्यच नाही.

ठरवल्यामुळे काय जातं ते

अचानक भांडण झालं, रागाच्या भरात हातापायी झाली, आधी काही ठरलेलं नव्हतं, कोणी गैरफायदा घेतला नाही, क्रूरपणा केला नाही, आणि त्यात एक जण दुर्दैवाने गेला, तर कलम १०१ चा चौथा अपवाद आहे, त्याने खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर येऊ शकतो. पहिला हात कोणी उचलला हे तिथे बघितलं जात नाही. खून म्हणजे १०३, जन्मठेप किंवा फाशी. सदोष मनुष्यवध म्हणजे १०५, त्यातही जन्मठेपेपर्यंत जाऊ शकतं पण निदान दार थोडं उघडं असतं. हा अपवाद ज्या पायावर उभा आहे तो पायाच "आधी ठरलेलं नव्हतं" हा आहे. तुम्ही आदल्या रात्री साडेअकराला मेसेज करून दुसऱ्या दिवशी नऊची वेळ दिलीत तर मधले साडेनऊ तास तुमच्याकडे शांत व्हायला होते असंच कोर्ट म्हणणार.

पाचवा अपवाद संमतीचा आहे, अठरा वर्षांवरच्या माणसाने स्वतःच्या संमतीने मृत्यू किंवा मृत्यूचा धोका पत्करला तर खून न धरता सदोष मनुष्यवध धरायचा. द्वंद्वयुद्धाला तो लागू होईल असं पुस्तक वाचून कोणालाही वाटेल. पण मेलेल्या माणसाने नेमक्या त्या धोक्याला संमती दिली होती हे दाखवावं लागतं, आणि "ये बघू" म्हणणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने मरायला होकार दिला होता असं कोणतं कोर्ट सहज मानेल? मानलं तरी त्यातून सुटका होत नाही, फक्त कलम बदलतं.

स्वसंरक्षणाचंही असंच आहे. कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःचा आणि दुसऱ्याचा बचाव करायचा पक्का हक्क आहे, तुम्ही जिममधून निघालात आणि कोणी रॉड घेऊन अंगावर आला तर तुम्ही हात बांधून उभं राहायचं नाही, गरजेपुरती ताकद वापरायची, आणि जीवाची किंवा गंभीर दुखापतीची खरी भीती असेल तर तो हक्क फार पुढपर्यंत जातो. पण दोन्ही बाजू लढायच्याच इराद्याने आल्या असतील तर कोणालाच स्वसंरक्षण म्हणता येत नाही हे कोर्टांनी कितीतरी वेळा सांगितलंय. आणि कलम ३७ प्रमाणे पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हा हक्क तसाही मिळत नाही. जो माणूस गेलाच नाही त्याच्याकडे हा हक्क पूर्ण शाबूत असतो.

मृत्यू होतो कसा हेही सांगते, कारण पोरांना वाटतं आपण नुसते हात वापरणार. एक बुक्की बसते, माणूस मागे पडतो, डोकं फुटपाथच्या कडेला आपटतं. बस्स. मारणाऱ्याच्या हातावर खरचटलेलंसुद्धा नसतं.

हत्यार, मित्र आणि व्हिडिओ

खिशात काही ठेवू नका. कलम ११८ मध्ये धोकादायक हत्याराने केलेली दुखापत वेगळी धरतात, साधी असेल तर तीन वर्षांपर्यंत आणि गंभीर असेल तर कमीत कमी एक वर्ष ते जन्मठेपेपर्यंत, आणि हत्यार म्हणजे चॉपर किंवा तलवारच लागते असं नाही, मारायला वापरल्यावर जीव जाऊ शकेल अशी कोणतीही वस्तू चालते, स्टंप, हेल्मेट, रस्त्यातून उचललेला पेव्हर ब्लॉक. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली ठाणे आणि नवी मुंबईचे आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात, त्या काळात नुसती काठी किंवा सुरा घेऊन फिरणंही गुन्हा होतो. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्याराला शस्त्र कायदा वेगळा आहे.

आता मित्रांचं. "आम्ही फक्त बघायला गेलो होतो" हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकते आणि मला सगळ्यात जास्त वाईट याच पोरांचं वाटतं. चिथावणी देणं, मदत करणं हे कलम ४५ प्रमाणे अपप्रेरणा आहे. "मार, सोडू नको" असं ओरडणाऱ्याचा आवाज त्याच्याच मित्राच्या व्हिडिओत असतो. सगळ्यांचा इरादा एकच होता असं दिसलं तर कलम ३(५), आणि पाच किंवा जास्त जण एका उद्देशाने जमले तर १८९ आणि १९०, म्हणजे बेकायदा जमाव, त्यात एकाने केलेल्या कृत्याची जबाबदारी त्या जमावातल्या प्रत्येकावर येऊ शकते. ही कल्पना जुनीच आहे, इंग्लंडमध्ये १८३८ साली एका पिस्तुलाच्या द्वंद्वात माणूस मेला तेव्हा बाजूला साक्षीला उभं राहणाऱ्यांवर खुनाचा खटला चालला होता. तुम्ही मित्र म्हणून गेलातच तर दोघांच्या मध्ये उभं राहायला जा, आणि ते जमणार नसेल तर त्याच्या घरी फोन करा, मैत्री तुटली तरी चालेल.

रील्समध्ये सांगतात की अमेरिकेत दोघांच्या संमतीने मारामारी लीगल आहे. टेक्सासच्या कायद्यात संमतीचा बचाव खरंच आहे, पण गंभीर इजा झाली किंवा होणार असेल तर तिथेही नाही. उरुग्वेमध्ये १९२० पासून १९९२ पर्यंत द्वंद्वयुद्ध कायदेशीर होतं, नंतर त्यांनी ते बंद केलं. कॅनडात तर २०१८ पर्यंत नुसतं आव्हान देणं आणि ते स्वीकारणं हाच वेगळा गुन्हा होता. फ्रान्समध्ये १९६७ साली दोन खासदार तलवारी घेऊन लढले, त्यातला हरलेला दोनदा जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याचं लग्न होतं. आपल्या देशात बघायचं तर १७८० साली कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्याच कौन्सिलमधला फिलिप फ्रान्सिस पिस्तूल घेऊन समोरासमोर आले होते, फ्रान्सिसला गोळी लागली पण तो वाचला. इंग्लंडच्या कोर्टाने १९८१ मध्ये दोन पोरांच्या रस्त्यावरच्या ठरवून झालेल्या मारामारीवर निकाल दिला, नाकातून रक्त आणि चेहऱ्यावर वळ एवढंच झालं होतं, तरी कोर्ट म्हणालं की एकमेकांना इजा करायच्या इराद्याने लढत असाल तर संमतीचा बचाव नाही. या सगळ्यातलं आपल्याला काही लागू होत नाही, आपल्याला न्याय संहिता लागू होते.

लढायचंच असेल तर

अंगातली रग खोटी नसते आणि ती मारून टाका असं मी सांगणार नाही. बॉक्सिंग, किकबॉक्सिंग, ज्युडो, फेन्सिंग शिकवणारे क्लास ठाण्यातही आहेत आणि नवी मुंबईतही, कुस्तीची तालीम आहे. भवानी देवी टोकियो ऑलिंपिकला गेली तेव्हापासून तलवारबाजी हा खेळ आपल्याकडच्या पोरांना माहीत झालाय. तिथे ग्लोव्ह्ज, हेडगार्ड, मास्क, वजनगट, पंच, थांब म्हटलं की थांबायचं, हे सगळं असतं म्हणून कलम २५ चं संरक्षण मिळतं. जायच्या आधी कोच कोण आहे, लागलं तर जवळचं हॉस्पिटल कुठलं, फर्स्ट एडची पेटी आहे का हे विचारा. टर्फ भाड्याने घेऊन रात्री बाराला मोबाईलच्या लाईटमध्ये उघड्या हाताने केलेली फाईट म्हणजे खेळ नाही, कोणी तिकीट लावलं तरी नाही. आणि अठराच्या खालच्या पोराची स्वतःची संमती या कलमात चालत नाही हे क्लासवाल्यांनी पण लक्षात ठेवावं.

मारामारी होऊन गेली असेल तर

आधी हॉस्पिटल. डोक्याला मार असेल तर उलटी, झोप, चक्कर याची वाट बघायची नाही, सिव्हिल हॉस्पिटल किंवा कळव्याचं हॉस्पिटल किंवा जे जवळ असेल तिथे जा आणि डॉक्टरला खरं सांगा. "जिन्यावरून पडलो" सांगितलं की तेच पेपरवर जातं आणि नंतर बदलता येत नाही. ते मेडिको-लीगल केस करतील, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करू द्या. कपडे धुवू नका, व्हिडिओ डिलीट करू नका, मित्रांनाही करायला सांगू नका, पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे आणि मूळ भांडणापेक्षा तो जड जाऊ शकतो. पोलिसांनी बोलावलं तर वकिलाला सांगून जा, पण जा, गावी पळून जाऊ नका.

तडजोड कुठे चालते तेही सांगते. साध्या दुखापतीत ज्याला लागलं तो स्वतः मिटवू शकतो, गंभीर दुखापतीत कोर्टाच्या परवानगीने मिटतं, पण हत्याराचं ११८ लागलं की खालच्या कोर्टात तडजोड होत नाही, मुंबई हायकोर्टात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली एफआयआर रद्द करायला जावं लागतं, दोन्ही बाजूंची शपथपत्रं लागतात, खर्च लागतो, तारखा लागतात. तोपर्यंत केस पेंडिंग. पेंडिंग केसवर पासपोर्ट अडतो, परदेशी जायचं तर कोर्टाची परवानगी आणावी लागते. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे ग्राउंडवर पळताना मी रोज बघते, त्यांच्या चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये गुन्हा दाखल आहे का असा रकाना असतो, तो लपवला तर नोकरी जाऊ शकते आणि भरला तर खुलासा द्यावा लागतो. केस मिटली असेल तर निकालाची सर्टिफाईड कॉपी काढून घरी जपून ठेवा, तीन-चार झेरॉक्स काढा, आणि फॉर्ममध्ये जे खरं आहे तेच लिहून ती कॉपी सोबत जोडा.